भुंग्यांचा ओंडका

मांडवाखाली जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला तो बघून बरं वाटलं असतं. सुतारणीनं मात्र खराटा उचलला आणि सगळी फुलं कुंपणाशी लोटून दिली. गळलेलं फूल म्हणजे न लागलेली शेंग. गेल्या हंगामात असा कचरा मूठभर निघायचा. यंदा टोपलं भरत होतं.

वेलांत तशी खोट काढायला जागा नव्हती. पानं तळहाताएवढी, काळपट हिरवी. देठ करंगळीएवढे जाड. घेवड्याचे तुरे मांडवाच्या वर ताठ उभे होते. पण तुऱ्याच्या बुडाशी हात घालावा, तर फुलं गळून गेलेले नुसते खुंट. मधूनच एखादी शेंग सापडायची. तीही कोयत्यासारखी वाकडी, आत एक दाणा आणि बाकी वारा.

"खत जास्त झालं," म्हातारी उंबऱ्यावरून म्हणाली. म्हातारी म्हणजे सुताराची आई. ही बाग मूळ तिच्या हातची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून ती उंबऱ्यावर बसून बाग करायची, म्हणजे तोंडानं.

"गेल्या खेपेला तुम्हीच म्हणालात, कमी झालं."

"मग यंदा जास्त झालं. मधलं म्हणून काही असतं, ते तुला जमत नाही."

सुतारणीनं वाकून एका वेलाचं बूड मोकळं केलं, माती चिमटीत घेऊन चुरडली. ओल बरोबर होती. किडीचा पत्ता नव्हता. दुखणं कुठं आहे हेच कळत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या दुखण्याचाच माणसाला जास्त राग येतो.

राग यायला दुसरंही कारण होतं. पलीकडच्या भिंतीशी सुताराचं काम चालायचं. चार माणसं उभी राहिली तर करवत फिरवायला जागा उरू नये, एवढीशी ती पडवी. सुताराला रंध्याचं मशीन घ्यायचं होतं. मोठी कामं मशीन असलेल्या सुतारांकडं चालली होती. हात दुखेपर्यंत रंधा मारून तो दिवसाला दोन फळ्या करायचा, तेवढ्यात मशीनवाला अख्खं दार उभं करायचा. मशीनला शेड हवी, आणि शेडला मोकळी जागा घरात एकच होती. ती बाग.

बी टोकायच्या आधी दोघांचं बोलणं झालं होतं. यंदा घेवडा नीट धरला तर बाग राहील. नाही धरला तर वेल उपटायचे, जमीन ठोकून घ्यायची, वर पत्रा टाकायचा. सुतारीण लगेच हो म्हणाली होती. एका खराब सालावरून कुणी बाग मोडतं का, असं तिला वाटलं होतं. आता तो हो तिच्यावरच उलटला होता.

म्हातारीला विचारावं तर ती म्हणायची, "बाग माझी आहे आणि पोरगंही माझंच आहे. मला मध्ये घालू नका."

बाजारात भाजीवालीनं तर तिला पुरतं उघडं पाडलं. सुतारणीनं नेलेल्या शेंगांतली एक तिनं उचलली, बोटांनी दाबली आणि शेजारणीला दाखवली. "बघ, बाहेरून साडी आणि आतून काहीच नाही." दोघी हसल्या. सुतारणीनं शेंगा परत टोपलीत भरल्या. भरताना टोपलीचं बूड फाटलं आणि शेंगा तिथंच पायांत सांडल्या. वेचताना तिचे कान तापले होते. एकही शेंग तिनं मागं ठेवली नाही.

फाटकी टोपली घेऊन ती थेट टोपलीवाल्याकडं गेली. त्याचं घर वस्तीच्या शेवटी, ओढ्याच्या कडेला. अंगणात बांबूंचे ढीग, सोललेल्या कामट्या, आणि मधोमध तो स्वतः, मांडीवर सुरी घेऊन.

"या वहिनी. बूड गेलं का? थांबा, बसल्या बसल्या करून देतो."

ती बसायला जागा बघत होती, आणि तिला घेवड्याचा वेल दिसला. वाळक्या बांबूंच्या ढिगावर तो आपला आपण चढला होता. ना आळं, ना पाणी, पानांना भोकं पडलेली. आणि तुऱ्यातुऱ्याला शेंगा. मूठ भरेल असे घोस. तिनं एक शेंग तोडून सोलली. दाण्याला दाणा लागून बसलेला.

"हे बी कुठून आणलंत?"

"आणतोय कशाला? गेल्या साली तुमची टोपली दुरुस्तीला आली होती, तिच्यातून सांडलं असेल. मी लक्षही दिलं नाही. बायको रोज भाजी करून घालते. मी म्हणतो आता पुरे, तर म्हणते फुकटचं आहे, खा."

तिला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तिचंच बी. तिनं खत, पाणी, रात्रीची झोप घालून वाढवलं तिथं पोकळ, आणि हा माणूस लक्षही देत नव्हता तिथं टच्च भरलेलं.

ती वेलाजवळ उकिडवी बसली. बसल्यावर तिला आवाज आला. जाडसर, घुमणारा. एक काळा भुंगा तुऱ्यावर आला, अंगठ्याच्या पेराएवढा, पंखांवर निळी झाक. फुलाच्या खालच्या पाकळीवर तो बदकन बसला. त्याच्या वजनानं पाकळी खाली दबली, आणि तिच्या आतून एक बारीकसा काटा वर येऊन भुंग्याच्या अंगाला घासला. भुंगा उडाला. पाकळी परत मिटली. मग पुढचं फूल. मग त्याच्या पुढचं.

तिचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले, तरी ती उठली नाही. असे तीन-चार भुंगे होते. फिरून फिरून ते अंगणाच्या कोपऱ्यात जायचे. तिथं एक वाळका ओंडका आडवा पडला होता. त्याच्या पोटाला गोल भोकं होती, गिरमिटानं पाडावीत तशी साफ, आणि खाली पिवळा भुसा.

"चावत नाहीत?" तिनं विचारलं.

"मी त्यांच्या वाटेत बसत नाही, ते माझ्या. तसे ते बायकोपेक्षा कमी बोलतात." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. टोपलीवाल्यानं मान खाली घालून कामट्या विणायला घेतल्या.

परतीच्या वाटेवर तिला एकेक आठवत गेलं. पूर्वी आपल्याही मांडवात हा आवाज असायचा. मांडवाचे जुने लाकडी खांब भोकांनी चाळणी झाले होते. दोन वर्षांमागं सुतारानं ते काढले आणि लोखंडी पाइप बसवले. तिच्यासाठीच. तिनं तेव्हा शेजारणींना बोलावून ते दाखवले होते. जुने खांब तिनंच फोडून चुलीत घातले होते. छान जळले होते, कोरडे होते.

आणि नुसते ते खांब नव्हते, नाही तर शेंग तेव्हाच गेली असती. शाळेचे वासे, गिरणीच्या तुळया, घराघरांच्या चौकटी. सुतार शिडी लावायचा, भोकं लांबीच्या लगद्यानं बुजवायचा आणि वरून डांबराचा हात द्यायचा. त्याच्या कामाला लोक नावाजायचे. ओढ्याकाठची वाळकी झाडंही सरपणाला गेली होती. भुंग्यानं राहायचं कुठं?

जेवताना तिनं ते सुताराला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

"म्हणजे तुझी शेंग माझ्यामुळं गेली?"

"मी असं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस? भुंगा म्हणजे सुताराचा वैरी. लोक मला तो घालवायचे पैसे देतात. आता काय दारोदार जाऊन सांगू, काढा ती लांबी, आमच्या बायकोला पाहुणे हवेत?"

"तुमच्या एकट्यामुळं नाही. खांब मीच चुलीत घातले."

"घातलेस ना? मग झालं."

"झालं कसं? आता काय करायचं ते बोला."

"करायचं ते ठरलंय," सुतार म्हणाला आणि ताट बाजूला सारून उठला. म्हातारीनं त्याच्या ताटातली उरलेली भाकरी मुकाट्यानं आपल्या ताटात घेतली. अन्न टाकलेलं तिला चालायचं नाही, भांडण कुणाचंही असो.

दुसऱ्या दिवशी दव वाळायच्या आत सुतारीण मांडवाखाली उभी होती. तिनं एक ताजं उमललेलं फूल निवडलं. वरची पाकळी तर्जनीनं मागं धरली आणि खालची अंगठ्यानं हलकेच दाबली. पहिलं फूल चुरगळलं. दुसरं तुटून हातात आलं. तिसऱ्यात तो बारीक काटा वर आला. तिनं श्वास रोखला, बोटाला लागलेली पिवळी धूळ त्यावर टेकवली, आणि पाकळी सोडून दिली.

"काय करतेस गं?" म्हातारीनं उंबऱ्यावरून विचारलं.

"भुंग्याचं काम."

"घरातलं संपलं वाटतं!"

पण म्हातारीचा जीव उंबऱ्यावर राहिना. थोड्या वेळानं तिनं हाक मारली, "मला तिथं नेऊन बसव. खालचे तुरे माझ्या हाताला येतील." सुतारणीनं तिला काखेत धरून नेलं, तिवईवर बसवलं. म्हातारीची बोटं वाकडी झाली होती, पण आयुष्यभर निवडणं-टिपणं केलेली. तिचं फूल तुटत नव्हतं. सुनेचं तुटलं की ती जिभेनं च्यक् करायची.

मग रोजच तसं सुरू झालं. ऊन चढायच्या आत जेवढी फुलं होतील तेवढी. वरच्या तुऱ्यांसाठी मान मागं टाकायची, हात वर धरायचे. पहिल्या आठवड्यात मानेला गाठी आल्या. खांदे असे भरून यायचे की चुलीवरचं भांडं उतरवताना हात थरथरायचा. अंगठ्याची कातडी हिरवी, मग काळी, मग चरचरीत झाली. कुंपणापलीकडून बायका बघायच्या. एकीनं विचारलं, "वेलाला गुदगुल्या करता का?" सुतारीण म्हणाली, "हो. तुमचा वेल हसतो का बघा." ती बाई पुढं बरेच दिवस दिसली नाही.

फुलं गळायची थांबली नाहीत. पण ज्यांना हात लागला होता, त्यांतली बरीच टिकली. आधी सुईएवढी हिरवी रेघ. मग नखाएवढी चपटी शेंग. मग एक दिवस म्हातारीनं पानांत हात घातला आणि तो बाहेरच काढला नाही.

"काय झालं?"

"गप. मोजतेय दाणे." ती डोळे मिटून शेंग चाचपत होती. "भरलीय गं."

त्याच आठवड्यात सुतार टेप घेऊन बागेत आला. वेलांना धक्का न लावता त्यानं लांबी घेतली, रुंदी घेतली, भिंतीवर पेन्सिलीनं खूण केली. सुतारीण मांडवाखालून बघत होती.

"शेंग लागली," ती म्हणाली.

"दिसतंय."

"ठरलं होतं ते लक्षात आहे ना?"

"ठरलं होतं वेल धरेल ते. हा वेल आपणहून कुठं धरलाय? तू धरायला लावलास. उद्या तू आजारी पडलीस की संपलं. दाराला बिजागरीच नाही, तू हातानं धरून उभी आहेस, आणि म्हणतेस दार बसलं."

बोलणं खरं होतं. म्हणून ते जास्त लागलं. "लागली ती लागली," एवढंच ती म्हणाली आणि तुऱ्याकडं वळली. त्या दिवशी तिनं ऊन डोक्यावर आलं तरी हात थांबवला नाही.

त्याचं जे व्हायचं तेच झालं. दुसऱ्या सकाळी तिला उजवा हात खांद्याच्या वर नेता येईना. ती तशीच उठली, लुगड्याचा पदर खोचला, आणि दारातच कळ येऊन भिंतीला टेकली. सुतार समोर चहा पीत होता. त्यानं पेला खाली ठेवला.

"बस. आजच्या दिवस मी करतो."

"तुमच्यानं नाही व्हायचं."

"लाकडात केसाएवढी फट राहू देत नाही मी."

त्यानं मांडवाखाली उभं राहून पहिलं फूल धरलं. तुटलं. दुसरं तुटलं. त्याची बोटं पटाशी धरून धरून चौकोनी झालेली. त्यांत फूल मावेच ना. म्हातारी तिवईवरून च्यक् च्यक् करत होती. त्यानं फुंकर मारून बघितली, गवताच्या काडीनं बघितलं. ऊन तापेपर्यंत दोन तुरे झाले असतील, तेही अर्धे झडून. मानेवरचा घाम पुसत तो खाली बसला, आणि तेव्हाच कुठूनसा एक भुंगा आला. वाट चुकला असेल, नाही तर ओढ्याकडून लांबवर हिंडत आला असेल.

सुताराचा हात सवयीनं चपलेकडं गेला. मग थांबला.

भुंगा पाकळीवर बसला. पाकळी आपल्या बुडाशी वाकली, थेट खाली, आडवीतिडवी न होता. काटा वर आला. भुंगा उडाला तशी ती परत जागच्या जागी. ना चीर, ना सुरकुती. सुतार पुढं सरकला. त्यानं डोळा इतका जवळ नेला की पापणीला पान लागलं. दुसऱ्या फुलावर तेच. तिसऱ्यावर तेच. सुताराला दोन तुऱ्यांना जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यात भुंग्यानं अर्धा मांडव उरकला आणि तो ओढ्याच्या दिशेनं गेला.

"आई," सुतार म्हणाला, "बिजागरी आहे गं ही. बिनखिळ्याची."

म्हातारीला काही कळलं नाही. "मग बसव," ती म्हणाली.

दुपारी तो न सांगता घराबाहेर पडला. टोपलीवाल्याच्या अंगणात उभं राहून त्यानं ओंडका चारी बाजूंनी बघितला, नखानं टोकरला. टोपलीवाला विणत राहिला. दोघांत जुनी अढी होती. टोपलीवाल्याच्या दाराची चौकट कुजली तेव्हा तो सुताराकडं गेला होता, आणि सुतार चारचौघांत म्हणाला होता, 'कुजक्या लाकडाला मी हात लावत नाही.' ती चौकट टोपलीवाल्यानं मग बांबूच्या कामट्यांनी आवळून बांधली होती. अजून तशीच होती. सुताराला ती समोरच दिसत होती.

"ओंडका हवाय," सुतार म्हणाला.

"कुजकाय तो."

"माहीत आहे."

"हात लावाल?"

सुताराचा चेहरा तापला. त्यानं खाली बघितलं. मग म्हणाला, "लावीन. आणि तुझ्या चौकटीलाही लावतो. आधी ती करतो."

टोपलीवाल्यानं सुरी बाजूला ठेवली. "बायको त्या ओंडक्यावर बसते संध्याकाळची," तो म्हणाला. "तिला बसायला काहीतरी लागेल."

"बाकडं देतो."

"पाठ असलेलं," आतून टोपलीवालीचा आवाज आला. "नुसतं बाकडं नको."

सुतारानं चौकट बदलली, पाठीचं बाकडं केलं, आणि त्यात त्याचे कामाचे दिवस गेले. गिऱ्हाईकं खोळंबली. एकानं तर काम काढून मशीनवाल्याकडं नेलं. सुतारानं ते घरी सांगितलं नाही. म्हातारीला दुसरीकडून कळलं आणि तिनंही सुनेला सांगितलं नाही.

दिवस कलताना, भुंगे आत गेल्यावर, भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबून दोघांनी ओंडका उचलला. पुढं सुतार, मागं सुतारीण, दुखरा खांदा वाचवून डाव्या खांद्यावर. वाट गिरणीसमोरून जायची. गिरणीवाला दारात पीठ झटकत उभा होता.

"काय हो सुतार! माझ्या तुळईतले भुंगे घालवायला माझ्याकडून पैसे घेतलेत, आणि आता खांद्यावर मिरवताय? उद्या ढेकणांची पालखी काढा."

आतली गिऱ्हाइकं हसली. सुताराची मान ताठ झाली; मागून तिला ते दिसलं. तो थांबेल, ओंडका टाकून देईल, असं तिला वाटलं. त्यानं खांदा बदलला फक्त.

"पुढं खड्डा आहे," तो म्हणाला. "सांभाळून ये."

गिरणी मागं पडल्यावर रस्ता शांत झाला, आणि तेव्हा तिला लाकडाच्या आतून थरथर जाणवली. कानांना काही ऐकू येत नव्हतं. ती थरथर खांद्याच्या हाडातून दातांपर्यंत येत होती.

"तुम्हाला जाणवतंय का?" तिनं विचारलं.

"मघापासून," तो म्हणाला.

ओंडका त्यांनी मांडवाच्या उगवतीच्या कडेला, दोन दगडांवर ठेवला. सकाळी सुतारानं बोळे काढले. तिघं लांब बसून बघत राहिले. ऊन लाकडावर आलं. एका भोकातून काळं डोकं बाहेर आलं, मिशा हलल्या. भुंगा निघाला, मांडवावर एक फेरी मारली, आणि सरळ ओढ्याकडं निघून गेला. मागून दुसरा. तिसरा. एकही फुलावर बसला नाही.

दुपारी टोपलीवाला सांगायला आला, "पाहुणे परत आलेत. बाकड्याभोवती घिरट्या घालतायत. बायको आत बसलीय दार लावून."

सुतारीण पायरीवर बसली. तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सुतार तिच्याकडं न बघता म्हणाला, "घर हलवलं तरी वाट डोक्यात जुनीच राहते."

"मग आता?"

त्यानं ओंडक्याला कान लावला. बराच वेळ तो तसाच वाकून राहिला. मग त्यानं तिला हातानं बोलावलं. तिनंही कान टेकला. आत खोलवर काहीतरी कुरतडत होतं. अगदी बारीक.

"जुने गेले," तो म्हणाला. "आत पोरं आहेत. त्यांना दुसरी वाट माहीतच नाही."

"कधी निघतील?"

"मला काय माहीत? मी फक्त भोकं बुजवलीत आजवर."

ती उठली. खांदा चोळला, भाकरीचा तुकडा तोंडात टाकला आणि मांडवाखाली गेली. उरलेला हंगाम हातानंच काढला. वर हात पुरेना म्हणून सुतारानं तिला एक पायरीची घोडी करून दिली; त्यावर उभं राहिलं की तुरे छातीशी यायचे, मान मोडत नव्हती. तो स्वतः फुलांच्या वाटेला परत गेला नाही. पाणी मात्र रोज त्यानं भरलं.

शेंगा फार झाल्या नाहीत. घरापुरत्या, थोड्या बाजारात, आणि बियाण्याला टच्च भरलेल्या निवडून एक डबा. हंगाम सरता सरता, वेल पिवळे पडू लागले तेव्हा, ओंडक्यातून नवे भुंगे निघाले. फुलं जवळजवळ संपली होती. कुंपणाकडेचं तण सुतारीण काढायला निघाली होती, त्याला बारीक फुलं होती. तिनं खुरपं परत ठेवलं. म्हातारीला तो गचाळपणा वाटला. "लोक म्हणतील घरात बाईमाणूस नाही." सुतारीण म्हणाली, "म्हणू देत."

शेडचं नाव मग सुतारानं काढलंच नाही. सुतारीण वाट बघून थकली. शेवटी एका सकाळी तो ओसरीवरचं सामान बाहेर काढू लागला. मशीन ओसरीवर बसणार होतं. म्हातारीची खाट स्वयंपाकघरात गेली. पाहुण्यांना बसायला जागा राहिली नाही. आला गेला दारातूनच बोलू लागला. पावसाची तिरीप आली की मशीनवर गोणपाट टाकायला धावावं लागे. म्हातारी चुलीशेजारून रोज ऐकवायची, "मरताना तोंडात पाणी घालायला बरं पडेल, हंडा उशालाच आहे." सुतार ऐकून घ्यायचा. भुसा भातात यायचा, अंथरुणात यायचा. तोही सगळे काढून टाकायचे आणि जेवायचे.

नव्या हंगामाचा मांडव भरला तेव्हा ओंडक्याशेजारी आणखी दोन ओंडके पडले होते, बिनडांबराचे, सुतारानं कुठून कुठून मागून आणलेले. एकात भोकं पडली होती. तुरे उमलायला लागले तशी सुतारीण घोडी घेऊन मांडवाखाली जायची आणि अर्ध्या कामातून परत यायची, कारण ज्या फुलाला हात लावावा त्याला आधीच कुणी तरी येऊन गेलेलं असायचं. सगळीकडं नाही. पश्चिमेचा कोपरा अजून रिकामाच जायचा. तो ती हातानं करायची.

एका सकाळी सुतारानं मशीनचं बटण दाबायला हात नेला आणि ती मांडवातून ओरडली, "थांबा!"

तो दचकून मागं सरला. "काय झालं? बोट गेलं असतं माझं."

"ऊन चढेपर्यंत चालू करू नका."

"का? भुंग्यांना त्रास होतो?"

"त्यांना कशाचा होतोय! मला होतो. ऐकू येत नाही."

सुतार तसाच उभा राहिला. गिऱ्हाईक दुपारी दार न्यायला येणार होतं, आणि फळ्या अजून खरबरीत होत्या. त्यानं ओसरीच्या कडेला बसकण मारली, कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. चुलीपाशी म्हातारीनं तवा ठेवता ठेवता हात आवरला. मांडवात पानांआड सुतारीण घोडीवर स्तब्ध उभी होती, आणि तिच्या डोक्यावरून ते जडसर घुमणं एका तुऱ्यावरून दुसऱ्या तुऱ्यावर चाललं होतं.